हृदय सावरायला वेळ लागतो, वेळेला पगार लागतो

विट्यात यंत्रमाग कामगार बायपास होऊन घरी आला की पहिला प्रश्न एकच: मागावर कधी उभे राहायचे? डॉक्टर सांगतात, चालणे हळूहळू वाढवा. पण घर कशावर चालणार?

एकेकाळी हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा-सहा आठवडे खाटेवर पडून राहणे हाच उपचार होता. १९५२ मध्ये अमेरिकेतील लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याची बाजू मांडली. पुढे देखरेखीखाली व्यायाम, आहार, समुपदेशन आणि कामावर परतणे, असे हृदय-पुनर्वसन घडले. मात्र त्यासाठी लागणाऱ्या महिन्यांचा पगार कोण देणार?

याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये कामगार आरोग्य विम्याचा आराखडा प्रा. अडारकरांकडे सोपवला गेला. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. या ईएसआय योजनेत आजारपणात पगाराचा हिस्सा मिळतो. अटी पूर्ण झाल्यास हृदयविकारासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत तो ८० टक्के असतो, जास्तीत जास्त दोन वर्षे.

पण दहापेक्षा कमी कामगारांच्या शेडला ही योजना बंधनकारक नाही. म्हणजे गरज जिथे जास्त, तिथेच हक्क थांबतो.

आम्ही जयंतीला मिरवणूक काढतो, काढूच. पण त्याआधी वस्तीत घरोघरी विचारू: ईएसआयचे कार्ड आहे का? नसेल, तर का नाही?

जय भीम!