केसकर, कोलंबो आणि नववी ‘ब’

आजचा धागा लांबलचक आहे आणि त्याचा आरंभ एका फसलेल्या तासापासून करणे मला भाग आहे.

गेल्या वर्षी एका शाळेत काही आठवडे इतिहास शिकवण्याची संधी मिळाली. वर्ग नववी ‘ब’, विषय स्वातंत्र्योत्तर भारत. पंचवार्षिक योजनांच्या दुसऱ्याच तासाला मागच्या बाकांवरील दोघांच्या कानांत इअरफोन दिसले. ते जप्त करावेत, असा शाळेचा नियम होता. मी त्याऐवजी फळ्यावर एक प्रश्न लिहिला : १९५२ च्या अखेरीस मुंबईत बसून हिंदी चित्रपटगीते ऐकायची असतील, तर रेडिओ कोणत्या देशाचा लावावा लागे?

इंग्लंड, अमेरिका, पाकिस्तान अशी उत्तरे आली. सिलोन, म्हणजे आजचे श्रीलंका, हे नाव कोणाच्याही तोंडी आले नाही. इअरफोन मात्र निघाले.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आकाशवाणीची अवघी ६ केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. त्यांचे प्रक्षेपण देशाच्या जेमतेम ११ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचत असे. घरी रेडिओ ठेवायचा, तर टपाल कार्यालयातून दरवर्षी पैसे भरून परवाना घ्यावा लागे. (वर्गाचा यावर सर्वाधिक अविश्वास. “गाणी ऐकायला लायसन्स?”) अशा काळात, १९५२ साली, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि पुढे दहा वर्षे त्या पदावर राहिले. हिंदी चित्रपटसंगीत त्यांना उथळ आणि पाश्चात्त्यांची नक्कल करणारे वाटे. आकाशवाणीवरून ते पाहता पाहता नाहीसे झाले.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक विशीतले अमीन सायानी. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून लघुलहरींवर स्वार होऊन तीच गाणी पुन्हा भारतात परतत. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सायानी सांगत असत.

ही कथा मी रंगवून सांगितली. केसकर खलनायक, सायानी नायक. वर्ग हसला, एकाने तर टाळी वाजवली. माझी चूक झाली ती इथे. तास संपताना पहिल्या बाकावरील मुलीने विचारले, “सर, पण गाणी बंद करून त्यांना काय मिळालं?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पदव्युत्तर वर्गात दोन वर्षे काढूनही मी ती गोष्ट समाजमाध्यमांवर फिरते तशीच्या तशी सांगितली होती. त्या रात्री पुन्हा वाचायला बसलो.

पहिली दुरुस्ती ‘बंदी’ या शब्दाची. केसकरांनी चित्रपटगीतांचा वेळ एकूण कार्यक्रमांच्या दहा टक्क्यांवर आणला, गीतांची छाननी सुरू केली आणि गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगण्याची प्रथा थांबवली. कारण ती फुकटची जाहिरात ठरते, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. निर्मात्यांना ती जाहिरातच हवी होती. त्यांच्या संघटनेने प्रक्षेपणाची परवानगी काढून घेतली आणि उरलेली गाणीही गेली. म्हणजे दोन्ही बाजूंनी दोर ताणला आणि तो तुटला. ‘सरकारने बंदी घातली’ हे वाक्य सुटसुटीत आहे, म्हणूनच ते टिकले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संस्थाने विलीन झाली, तेव्हा त्यांच्यासोबत दरबारी गवयांचा आश्रयही संपला. बडोदा, ग्वाल्हेर, म्हैसूर, रामपूर येथील दरबारांची जागा आता घेणार कोण? केसकरांचे उत्तर होते : आकाशवाणी. १९५२ मध्येच संगीताचा ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला, १९५४ पासून ‘आकाशवाणी संगीत संमेलन’. कलावंतांच्या चाचण्या, श्रेणी, मानधन यांची व्यवस्था उभी राहिली. शास्त्रीय संगीत जहागीरदाराच्या दिवाणखान्यातून सामान्य माणसाच्या माजघरात आले, त्यात या धोरणाचा वाटा मोठा होता. त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हे.

उरलेले निम्मे उत्तर तितके सुखद नाही. उत्तर भारतीय संगीताच्या ऱ्हासाचा दोष केसकर इंग्रजी राजवटीबरोबर मुसलमान राज्यकर्ते व कलावंत यांनाही देत. ज्या खाँसाहेबांच्या घराण्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांनाच तिच्या अधोगतीचे कारण ठरवणे मला इतिहास म्हणून साफ अमान्य आहे. हे वर्गात सांगावे की नाही, यावर मी बराच वेळ घुटमळलो. शेवटी सांगितले. आश्रयदाता आणि पूर्वग्रहदूषित हे दोन्ही केसकर एकच गृहस्थ होते. यांतील एकालाच वर्गात आणणे म्हणजे पुन्हा पहिल्या तासाचीच चूक करणे.

आता तंत्रज्ञान. मुलांना सर्वाधिक कुतूहल याचे होते की, कोलंबोचा आवाज लाहोरपर्यंत पोहोचे कसा? लघुलहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर उतरतात. पडदे ओढून, टॉर्च आणि आरसा घेऊन ते करून दाखवले. मूळ मुद्दा असा की सिलोनकडे तो दणदणीत प्रक्षेपक आला होता दुसऱ्या महायुद्धातून. आग्नेय आशियातील दोस्त सैनिकांसाठी ब्रिटिशांनी तो उभारला होता. युद्ध संपले, यंत्र मागे उरले, आणि सैनिकांच्या करमणुकीचे साधन दूथपेस्टच्या जाहिरातीसह आपल्या संसारात शिरले. सीमा आखणाऱ्यांना आकाशात कुंपण घालता आले नव्हते. पाकिस्तानातही गीतमाला आवडीने ऐकली जाई.

एका मुलाने विचारले, “म्हणजे आपल्या ॲपवर पुढचं गाणं कोण लावतं? केसकर की सायानी?” फळ्यावर दोन रकाने आखून वाद घातला. निकाल लागला नाही. पण सायानी श्रोत्यांची पत्रे आणि दुकानांतील तबकड्यांची विक्री मोजत आणि ॲप आपल्याला मोजते, हा फरक मुलांनीच शोधला.

भाषेचाही प्रश्न होता. आकाशवाणीच्या बातम्यांची हिंदी त्या काळात संस्कृतप्रचुर होत चालली होती. सायानी बोलत ती बाजारातली, बसथांब्यावरची हिंदुस्तानी. त्यांच्या मातोश्री कुलसुम सायानी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने ‘रहबर’ हे पत्र चालवले होते. साधी हिंदुस्तानी, छापलेली देवनागरी, उर्दू आणि गुजराती लिप्यांत. लहानपणी त्या कामात अमीनही हात लावत. संविधानसभेत मागे पडलेली हिंदुस्तानी दर बुधवारी रात्री कोलंबोमार्गे घरोघर येत होती, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत विलक्षण वाटते.

सरकार स्वस्थ बसले नाही. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीत घडवायला घेतले. आपल्याकडे १९५३ मध्ये सुरू झालेल्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभरात ५६ गीते प्रसारित झाली. तेही लघुलहरींच्या त्याच शर्यतीच्या काळातले आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. आणि ते रचणारे ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके दोघेही चित्रपटसृष्टीतले नामवंत! पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली आणि चित्रपटगीते सन्मानाने स्वगृही परतली.

शेवटच्या आठवड्यात मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून रेडिओच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून आणायला सांगितले होते, ज्यांच्या फोनवरून कालपर्यंत रील बनत होते त्याच फोनवर. एका मुलाच्या पणजीने सांगितले होते : “आमच्या घरच्या रेडिओवर पहिल्या दिवसापासून गीतरामायण ऐकलंय मी.” सोबत त्याने ट्रंकेत सापडलेले रेडिओ परवान्याचे जीर्ण पुस्तकही आणले. आम्ही पहिल्या पानावरील टपाल कार्यालयाचा शिक्का भिंगाखाली धरला. वर्ष १९५८.

वर्गात शांतता पसरली. “पणजी खोटं बोलली?” कोणीतरी कुजबुजले. तो मुलगा लालबुंद झाला. मी म्हटले, “उद्या पुन्हा विचारून ये. ‘खरं का’ असं विचारू नकोस. ‘कुठे बसून ऐकायचीस’ असं विचार.”

दुसऱ्या दिवशी त्याने नवे ध्वनिमुद्रण लावले. म्हातारीचा आवाज, मागे कुकरची शिट्टी. रेडिओ वाड्याच्या मालकांचा होता. बिऱ्हाडकरूंच्या बायका अंगणात, त्यांच्या खिडकीखाली धान्य निवडत बसायच्या. मालकीणबाई आवाज मुद्दाम मोठा ठेवायच्या. “मग आमचाच की तो,” पणजी म्हणाली.