चाकांवरच्या प्रयोगशाळेचं कूळ

५ फेब्रुवारी २००३ रोजी न्यूयॉर्कला, सुरक्षा परिषदेच्या बैठकीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी इराकचे काही ट्रक दाखवले. म्हणजे चित्रं दाखवली. आत टाक्या, नळ्या, पंप, आणि त्यात म्हणे रोगजंतूंची पैदास. मागच्या खुर्चीत सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट बसले होते, त्यामुळे चित्रांनाही वजन आलं. फोटो का नव्हता? चित्रकाराने हे ट्रक वर्णनावरून काढले होते, आणि वर्णन बहुतांशी एकाच माणसाचं होतं.

कल्पनेचं बीज मात्र इराकमधलंच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जनरल आमेर अल-सादी यांनी फिरत्या प्रयोगशाळा सुचवल्या होत्या. बेत बारगळला, पण पुढच्या दशकात तो संयुक्त राष्ट्रांच्या तपासनिसांच्या कानावर गेला आणि संशय कायमचा घर करून बसला. शोधणाऱ्यांना काय सापडायला हवं हे आधीच ठरलेलं असलं, की सांगणाराही भेटतो.

तो भेटला जर्मनीत. रफीद अहमद अलवान अल-जनाबी हा इराकी रसायन अभियंता १९९९मध्ये आश्रय मागायला आला. जर्मन गुप्तचर खात्याने त्याचे जबाब घेतले. त्याचं टोपणनाव ‘कर्व्हबॉल’. बगदादजवळच्या जर्फ अल-नदाफ इथे बियाणं साफ करण्याच्या कारखान्याच्या आडून हे ट्रक चालतात आणि १९९८मध्ये तिथल्या अपघातात १२ तंत्रज्ञ दगावले, असं त्याने सांगितलं. त्याचं बोलणं जर्मनमध्ये उतरलं, तिथून इंग्रजीत, आणि अमेरिकी लष्करी गुप्तचर खात्यामार्फत वॉशिंग्टनला पोचलं. अहवाल शंभराच्या घरात गेले. जर्मनांनी त्याची उलटतपासणी अमेरिकनांना करू दिली नाही. प्रत्येक टेबलावर कागदाला एक शिक्का वाढला, साक्षीदार मात्र वाढला नाही. पॉवेल यांनी आणखी तीन स्रोतांचा हवाला दिला खरा, पण त्यातला एक थापाड्या असल्याची नोटीस मे २००२मध्येच निघाली होती. ती फायलीत राहिली.

२००२च्या शरद ऋतूत सीआयएच्या युरोप विभागाचे प्रमुख टायलर ड्रमहेलर यांना एका जर्मन अधिकाऱ्याने जेवणाच्या टेबलावर बजावलं होतं, की हा माणूस बनाव रचणारा असू शकतो. तो इशारा भाषणाच्या मसुद्यापर्यंत पोचला नाही.

मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती एक भिंत. ट्रक कारखान्यात कुठून शिरतात नि कुठून निघतात हे कर्व्हबॉलने तपशीलवार सांगितलं होतं. उपग्रहाच्या छायाचित्रात नेमकी त्या वाटेवर सहा फूट उंचीची भिंत दिसत होती. भिंत आहे तर साक्ष खोटी, असं कुणीही म्हणालं असतं. विश्लेषकांनी उलट ठरवलं: भिंत तात्पुरती असणार, आपल्याला चकवायला उभारलेली. पॉवेल यांच्या भाषणानंतर तीन दिवसांनी, ८ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस जागेवर गेले. भिंत पक्की होती. जंतूंचाही मागमूस नव्हता. २० मार्चला युद्ध सुरू झालं.

वसंतात इराकमध्ये दोन ट्रेलर सापडले. सीआयएने २८ मे रोजी त्यांना फिरत्या प्रयोगशाळा ठरवलं, आणि शस्त्रं सापडली असं राष्ट्राध्यक्ष बुश सांगू लागले. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा नमुना. पुढे अमेरिकेच्याच शोधपथकाने २००४मध्ये निर्वाळा दिला, की ते ट्रेलर तोफखान्याच्या हवामान-फुग्यांसाठी हायड्रोजन तयार करायचे. तसली यंत्रणा इराकला १९८०च्या दशकात मार्कोनी या ब्रिटिश कंपनीनेच विकली होती!

चौकशीत हेही निघालं, की कर्व्हबॉलला जर्फ अल-नदाफच्या नोकरीवरून १९९५मध्येच काढलं होतं. अपघात त्याने सांगितला १९९८चा. मे २००४मध्ये सीआयएने त्याचे अहवाल बनावट म्हणून मागे घेतले. आपण खोटं बोललो, सद्दामची राजवट पाडायची होती, असं त्याने २०११मध्ये ‘गार्डियन’ला सांगितलं. त्याच मुलाखतीत तो म्हणाला, की जर्मन अधिकारी २०००मध्येच त्याच्या जुन्या साहेबांना गाठून आले होते, आणि असे ट्रक कधी नव्हतेच, असं त्या साहेबांनी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं.