कारणाचा रकाना

१८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण नव्याने दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे, ‘वेडाचे कारण’ या रकान्यात, गांजा, भांग किंवा चरस यांची नोंद होती. म्हणजे दर सहा वेड्यांमागे एक गांजेकस. असले आकडे वर्षानुवर्षे वार्षिक अहवालांत छापले जात होते, आणि गांजाबंदी हवी असणाऱ्यांच्या हाती ते आयतेच पडले होते. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांनी बंगालमधल्या गांजाविषयी प्रश्न विचारला, आणि त्यातून त्याच वर्षी मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली साऱ्या हिंदुस्थानासाठी चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि अहवालाचे सात खंड काढले. त्यांत मुंबईचे कस्टम आणि अफू खात्याचे कलेक्टर जे. एम. कॅम्बेल यांचे भांगेच्या धार्मिक स्थानाविषयीचे टिपण आहे, अहमदनगर भागातल्या गांजाच्या लागवडीची माहितीही आहे. तरी आयोगाचे खरे मोठेपण त्या २२२ नावांशी तो कसा वागला यात आहे, असे मला वाटते.

आयोगाने विचारले ते साधेच होते: हा रकाना भरला कोणी? रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे उभा करत, आणि त्याच्यासोबत इस्पितळात एक वर्णनपत्र जाई. कारण बहुतेक वेळा तिथूनच येई. नातेवाईक सापडलेले नसत, रोगी स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसे. तो कधी चिलीम ओढायचा एवढे कुणी म्हटले की काम भागले. रकाना कोरा ठेवणे कुठल्याच कचेरीला रुचत नाही. डॉक्टर ते कारण आपल्या नोंदवहीत उतरवून घेई, वर्षाअखेर बेरीज होई, आणि शिपायाचा अंदाज वैद्यकशास्त्राचा आकडा होऊन बाहेर पडे. आयोगाने एकेका रुग्णाची पुन्हा चौकशी करवली. घराण्यात वेड होते का, दारू होती का, गांजा आधी आला की वेड आधी, हे विचारले. २२२ पैकी ९८ प्रकरणे टिकली. त्यांतही ३७ जणांत दुसरे कारण सोबत होते. निव्वळ गांजाकडे बोट दाखवता येईल असे ६१ उरले, म्हणजे एकूण दाखल रुग्णांच्या साडेचार टक्के.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे. गांजावर सरकार कर घेत होते. सरकारनेच नेमलेला आयोग सरकारी उत्पन्नावर कुऱ्हाड कशी घालील? आयोगाने संपूर्ण बंदी नाकारून कर आणि परवाने यांचीच शिफारस केली, आणि आयोगातल्या दोन भारतीय सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली, हेही खरे. पण हेतू संशयास्पद म्हणून बेरीज चुकीची ठरत नाही. शिवाय गांजा निरुपद्रवी आहे असे आयोगाने म्हटलेच नव्हते. अतिसेवनाने मन बिघडते, मुळात कमकुवत असलेले लवकर बिघडते, हे त्याने मान्य केले. कलकत्त्यात डॉ. कनिंगहॅम यांनी एका माकडाला महिनोन्‌महिने गांजाचा धूर देऊन त्याचा मेंदू तपासला, त्यात विकृती दिसली नाही. एका माकडावर किती भार टाकायचा ते वाचकाने ठरवावे.

रकान्याची खोड मात्र गेली नाही. १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधल्या दहा तरुण गांजेकसांच्या मेंदूची झीज झाल्याचे छापून आले, मेंदूभोवती हवा भरून काढलेल्या क्ष-किरण चित्रांवरचा हा निष्कर्ष होता. त्या तरुणांनी एलएसडी आणि इतर द्रव्येही घेतली होती. १९७७ साली अमेरिकेत सीटी स्कॅनने गांजेकस तपासले, तेव्हा झीज दिसली नाही. पुढे मेंदूतला रक्तप्रवाह मोजता येऊ लागला. ड्यूक विद्यापीठात रॉय मॅथ्यू यांना सरावलेल्यांत गांजानंतर प्रवाह वाढलेला दिसला, नवख्यांत घटलेला. धूर तोच, दिशा उलट. नवख्यांची घाबरगुंडी हे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. त्याच प्रयोगमालेत, ज्यांच्या लहान मेंदूत प्रवाह घटला त्यांचे वेळेचे भान अधिक बिघडलेले आढळले. हे खरे ज्ञान आहे, पण ते नशेच्या तासाचे आहे; वीस वर्षांच्या सवयीचे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आजचा गांजा जुन्याहून तेज आहे, पुरावाही पुष्कळ साठला आहे, मग आयोगाच्या १८९४ च्या शंकेखोरपणाला धरून का बसायचे? १९८७ साली ४५,५७० स्वीडिश लष्करी भरतीच्या तरुणांच्या पाहणीत पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट दिसले. इतर कारणे हिशेबात धरल्यावर ते उतरले, नाहीसे झाले नाही. न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या १,०३७ मुलांच्या पाठपुराव्यातून २०१२ साली कुमारवयापासून अखंड गांजा घेणाऱ्यांची बुद्ध्यंकात सुमारे आठ गुणांची घट नोंदली गेली. दुसऱ्याच वर्षी, घरची परिस्थिती हेही कारण असू शकते, अशी हरकत आली. जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने त्या हरकतीला बळ मिळाले. गांजा मेंदूला काही करतच नाही, असे यातून निघत नाही. नशेत स्मरण ढळते याबद्दल आज वाद नाही. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये त्याची ग्राहके दाट आहेत. पण टिकाऊ नुकसानीचा जो भाग आज ठाम वाटतो, तो ‘दुसरे काय असू शकेल’ हे विचारून झाल्यावर उरलेला आहे. ६१ जण उरले होते तेही असेच.

वर्णनपत्र लिहिणारा शिपाई आता राहिला नाही. कारणाचा रकाना गांजेकस स्वतःच भरतो. लघवीच्या तपासणीत गेल्या काही दिवसांतले सेवन कळते. पंधराव्या वर्षी किती चिलमी ओढल्या हे मात्र अजून त्यालाच विचारावे लागते.