सणाचे बाहेरचे खाणे

स्मरणिकेसाठी जुन्या नागपूरविषयी काही लिहून द्यावे, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी निवडलेला विषय काही भगिनींना हलका वाटेल. तो आहे सणावारी बाहेरून आणलेल्या खाण्याचा. राजे आणि लढाया यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु कोणता पदार्थ केव्हा आपल्या उंबऱ्याच्या आत आला आणि कोणता दाराबाहेरच राहिला, हे लिहावयाचे तर आपणच लिहावे. कारण त्या उंबऱ्यावर पहारा आपलाच होता.

मी लग्न होऊन महालातल्या घरात आले, तेव्हा दसऱ्याला बाहेरून यावयाची ती सोन्याची पाने, झेंडू आणि शेवंती. स्वयंपाक सारा घरचा. पुरण, वडाभात, कढी, सांभारवडी. पहाटेपासून चुलीपुढे बसावे तेव्हा दुपारी दोनला पाने मांडली जात. पुरुषमंडळी सोने लुटून परत येत तोवर आमची कंबर मोडलेली असे. बाहेरचे आणणे म्हणजे घरातल्या बाईला कमीपणा. तरी हा नियम सरसकट नव्हता, आणि इतिहासाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. हलवायाचे पेढे चालत, जिलबी चाले. सासूबाई म्हणत, "दूध-तुपातले चालते, पाणी-मिठाचे चालत नाही." यात शुद्धाशुद्धतेचे जुने शास्त्र होते. तुपात तळलेले, दुधात आटवलेले कोणाच्याही हातचे एक वेळ चालेल. परंतु पाण्यात शिजलेले अन्न कोणी शिजवले, पाणी कोणी भरले, हे पाहिल्याशिवाय घास उचलावयाचा नाही. बाहेरचे पदार्थ आमच्या घरात कोणत्या क्रमाने आले, हे मी पुढे पुष्कळदा मनाशी जुळवून पाहिले. चव, किंमत किंवा अंतर यांनी तो क्रम ठरला नाही. तो सासूबाईंच्या त्या एका वाक्याने ठरला.

गोडाचेच पाहा. बिकानेरला गंगाबिशनजी अग्रवाल यांनी 1937 साली भुजियाचे दुकान काढले. हल्दीराम हे त्यांचेच घरातले नाव. त्यांचे नातू शिवकिसनजी 1960 च्या दशकाच्या अखेरीस नागपुरातला व्यवसाय पाहू लागले. काजूकतली तेव्हा आपल्या गावाला अनोळखी होती. गिऱ्हाइकाला आधी फुकट चाखावयास देऊन त्यांनी तिची गोडी लावली, असे त्या घराण्याचा इतिहास लिहिणारे सांगतात. पुढे संत्राबर्फी आली. दसरा-दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात दिसू लागतात आणि त्याच दिवसांत पाहुण्यांच्या हाती ही बर्फी देण्याची रीतच पडून गेली. बिकानेर येथून सुमारे हजार किलोमीटर दूर. पण तिथल्या माणसाची मिठाई आमच्या देवापुढे नैवेद्याला बसली. कोणी प्रश्न केला नाही. मग मद्राशी डोसा आला. तो प्रथम हॉटेलात जाऊन खाल्ला, नंतर पुडक्यात बांधून घरी आला.

आणि सावजीचा रस्सा? तो पायी अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर, गोळीबार चौकात आणि तांडापेठेत शिजत होता. त्याला आमच्या घरी यावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

सावजी हे हलबा कोष्टी समाजातले आदराचे संबोधन. हे लोक विणकर. नागपूरची तलम धोतरे, पागोटी आणि लुगड्यांचे काठ यांचा एके काळी दूरवर लौकिक होता आणि तो यांच्या हातमागांनी मिळवलेला. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी येथे आपली गिरणी सुरू केली आणि म्हणूनच तिला एम्प्रेस हे नाव दिले. गिरणीच्या कापडापुढे हातमाग हळूहळू मागे पडला. (ती गिरणीही 2002 साली बंद झाली.) मागावरचे काम एकट्या पुरुषाचे कधीच नव्हते. तो खड्ड्यात पाय सोडून विणणार, बाई कांड्या भरणार, पोरे सूत उकलणार. स्वयंपाकाला वेगळा निवांत वेळ मिळावयाचा नाही. म्हणून एकच पातेले, झणझणीत रस्सा आणि भाकरी. मसाला मात्र निगुतीचा: खोबरे, खसखस, दगडफूल, मसाला वेलची काळेभोर होईतो भाजून पाट्यावर बारीक वाटलेली, वर भिवापुरी मिरची आणि जुन्या घरांतून जवसाचे तेल. घाईच्या घरात मसाल्याला एवढा वेळ कसा देत, याचे मला नेहमी नवल वाटते. मागावर पोट भरेना, तेव्हा कित्येक घरांनी पुढच्या खोलीत दोन बाके टाकली आणि तोच रस्सा विकावयास ठेवला. पुष्कळ ठिकाणी चुलीपुढे घरची बाईच असे. या गल्ल्यांतून चालताना पाट्या मी वाचल्या आहेत. एखाद्या बाईचे नाव क्वचितच दिसते.

मटणाचा प्रश्न शाकाहारी घराला येतो हे खरे. परंतु त्याच दुकानातून पाटोडीचा रस्सा मिळतो, डाळकांदा मिळतो. तोही आमच्याकडे येत नव्हता. म्हणजे अडचण केवळ मटणाची नव्हती. तो पाण्यात शिजलेला होता.

पाण्यावरून आठवण निघाली म्हणून सांगते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यालेले डॉ. आंबेडकर 1956 च्या दसऱ्याला आपल्याच गावी आले. त्यांचा मुक्काम सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात होता. 14 ऑक्टोबरला, रविवारी, त्यांनी आणि लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून नागपूरला दसऱ्याला दोन गर्दी असतात: एक सोने लुटणारी आणि एक दीक्षाभूमीकडे जाणारी. दुसरीसाठी दरवर्षी वाटेवर भोजनदानाचे मंडप लागतात. पुरी-भाजी, मसालेभात, थंड पाणी. येणाऱ्याला नाव-गाव कोणी विचारीत नाही. नागपुरातले दसऱ्याचे सर्वांत मोठे बाहेरचे जेवण हेच, आणि आपल्या सणांच्या लेखांतून नेमके तेच गळते.

2024 साली दसरा 12 ऑक्टोबरला, शनिवारी आला. पुण्याहून मुलगा-सून, भिलाईहून लेक-जावई, नातवंडे, शिवाय ऐंशी ओलांडलेल्या माझ्या जाऊबाई, असे अकरा पानांचे घर झाले. शनिवारी पुरणाचा स्वयंपाक आम्ही रीतसर केला. रविवारी सकाळी सून म्हणाली, "आई, आज चूल बंद. तुम्ही बसायचं." तर्री पोहे आले. दुपारसाठी मुलांनी मोबाइलवर काही चिनी, काही तिबेटी पदार्थ पाहिले. मोमो तर हल्ली आपल्याकडे जागोजागी दिसतात. मीच म्हटले, तिबेटचे मागवताच आहात, तर तांडापेठेचे का नको? जावई पितळी डबा घेऊन गेले. नवरात्राचे नऊ दिवस संपल्यामुळे मटणासाठी दुकानापुढे ही रांग! त्यात पाटोडी मागणारे हे एकटेच. तासाभराने डबा आला.

जाऊबाईंनी आधी विचारले, "कोणत्या भांड्यात शिजवलं?" दुकानात पाटोडीचे पातेले निराळे असते, असे जावयांनी पाहून आले होते, ते सांगितले. मग त्यांनी विचारले, "कोणी शिजवलं?" जावई म्हणाले, "एक आजीबाई होत्या, तुमच्याच वयाच्या." जाऊबाई काही बोलल्या नाहीत. वाटी पुढे केली. तर्रीने डोळ्यांत पाणी आले तरी भाकरी मोडून खाल्ली, आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, की या वयात ती अजून पाट्यावर वाटते की मिक्सरमध्ये. ते जावयांना ठाऊक नव्हते. देवघरापाशी मात्र त्यांनी डबा ठेवू दिला नाही, आणि मीही त्यावरून वाद घातला नाही. उरलेला रस्सा सोमवारी संपला. तो शिळाच अधिक लागतो.