प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारा: र. धों. कर्वे यांचा खटला

शिरूरहून एस.टी.नं पुण्याला जा, नाहीतर दौंडहून रेल्वेनं. वाटेत एखाद्या भिंतीवर ‘गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, खात्रीशीर इलाज’ असं रंगवलेलं दिसतंच. आज त्याच विषयावर बोलायचंय, पण जरा मागं जाऊन.

रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या कामापायी कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. त्यात वाचक शंका विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे.

त्या काळी वीर्य गेलं की शक्ती गेली, ही समजूत शिकल्यासवरल्या लोकांतही होती. अशी भीती मनात घेऊन तरुण बोहल्यावर चढायचा. भीतीमुळे अपयश यायचं, अपयशामुळे भीती वाढायची. शरीर ठणठणीत, तरी माणूस स्वतःला रोगी समजायचा.

हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मुद्दा साधा होता: विषय लैंगिक आहे म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, आणि अडचणीतल्या माणसानं विचारलं तर त्याला ज्ञानानंच उत्तर द्यायला हवं. कोर्टानं ते मानलं नाही. कर्व्यांना दंड झाला. तरी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालवलं.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आला. भिंती मात्र अजून रंगताहेत!

आज आपल्याला कर्व्यांच्या काळापेक्षा जास्त माहिती आहे. ताठरता न येण्यामागं मनावरचा ताण असतो, तसा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारूही असते. तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, म्हणून हृदयविकाराची चाहूल कधीकधी आधी तिथंच लागते. तेव्हा आधी रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासा. १९९८ पासून सिल्डेनाफिलसारखी गोळी आहे. पण छातीत दुखण्यावर नायट्रेटची औषधं घेणाऱ्यानं ती घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्यांनी नव्वद वर्षांपूर्वी लाज बाजूला ठेवून विचारलं होतं. आपल्याला तर डॉक्टरांच्या खोलीत दार लावून विचारायचंय. तेवढं करूया.