नव्या फर्निचरचा वास

नवीन कपाट उघडलं की नाकात झोंबणारा एक वास येतो. आपण त्याला 'नव्याचा वास' म्हणतो. बऱ्याचदा तो असतो फॉर्माल्डिहाइडचा, आणि त्यामागे शंभर वर्षांची भानगड आहे.

१९१८ साली प्रागच्या हान्स योन याने युरिया आणि फॉर्माल्डिहाइडपासून होणाऱ्या रेझिनचं पेटंट घेतलं. १९३०च्या सुमारास जर्मनीच्या आय. जी. फार्बेनने त्यातूनच 'काउरिट' नावाचा लाकडाचा डिंक काढला. स्वस्त, बिनरंगाचा, गरम प्रेसमध्ये काही मिनिटांत घट्ट. पुढे युद्धात लाकूड मिळेना, तेव्हा १९४१ मध्ये ब्रेमेनला पार्टिकल बोर्डाचा कारखाना निघाला. भुसा आणि ढलप्या जाळण्याऐवजी त्यांचं टेबल व्हायला लागलं!

आता गंमत बघा. हा डिंक मुद्दाम अर्धवट शिजवतात. आधी अल्कलीत दोघांची जुळणी, मग आम्लात रेणूंच्या साखळ्या वाढवायच्या, पुरेशा वाढल्या की परत अल्कली टाकून ब्रेक. शेवटी आणखी थोडा युरिया, मोकळा उरलेला फॉर्माल्डिहाइड धरायला. बाकीचं काम बोर्डाच्या प्रेसमध्ये. पण ब्रेक लावला तरी गाडी सरकतच राहते. (आमच्या बॅकग्राउंड प्रोसेससारखं!) नुसत्या टाकीत पडूनही डिंक दाट होत जातो आणि एक दिवस त्याची जेली होते. उन्हाळ्यात तर फारच लवकर.

पूर्वी एका युरियामागे साधारण १.६ फॉर्माल्डिहाइड घालायचे. बोर्ड मजबूत, डिंकही जास्त टिकायचा. कारखानदार खूश. जास्तीचा वायू मात्र लोकांच्या घरात! १९७०च्या दशकात इंधन वाचवायला युरोप-अमेरिकेत घरं घट्ट बंद व्हायला लागली, आणि डोळे चुरचुरण्याच्या, घसा धरण्याच्या तक्रारी वाढल्या. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीने 'ई-१' मर्यादा आणली: हवेत ०.१ पीपीएम. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फॉर्माल्डिहाइड माणसात कॅन्सर करतो असं ठरवलं.

मग ते प्रमाण एकाच्या आसपास आणलं. पण फुकट काहीच नाही: डिंक सावकाश घट्ट होतो, टाकीत कमी टिकतो, बोर्ड ओलाव्याने जास्त फुगतो. रसायनशास्त्रज्ञांची पुढची कित्येक वर्षं, युरिया किती हप्त्यांत आणि कधी घालायचा, हे शोधण्यात गेली. मला विचाराल तर हा सौदा तीसेक वर्षं आधीच व्हायला हवा होता.

शिवाय दमट, गरम हवेत या डिंकाचे बंध हळूहळू तुटतात आणि फॉर्माल्डिहाइड पुन्हा सुटतो, म्हणजे आपला पावसाळा त्याच्या सोयीचाच. पुढच्या वेळी दुकानात लॅमिनेटचा रंग निवडताना बोर्ड ई-१ आहे का, तेही विचारा. दुकानदार बहुतेक तुमच्याकडे बघत राहील.