पुष्पावतीच्या दरीतील दुर्मिळ वनस्पती आणि चराईबंदी : एक ऐतिहासिक परामर्श

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात पुष्पावती नदीच्या काठी असलेली ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ ही दरी इ. स. १९३१ मध्ये ‘शोधली गेली’, असे सर्वसाधारणपणे लिहिले जाते. कामेत शिखरावरील पहिल्या यशस्वी चढाईनंतर फ्रँक स्माइथ, वनस्पतींचे जाणकार आर. एल. होल्ड्सवर्थ आदी गिर्यारोहक भ्युंडार खिंड ओलांडून या दरीत उतरले. १९३७ मध्ये स्माइथ बिया व कंद गोळा करण्यासाठी पुन्हा आला. १९३८ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यातील नावच दरीला चिकटले. ४ जुलै १९३९ रोजी वनस्पतींचे नमुने गोळा करताना घसरून जोन मार्गारेट लेग या इंग्रज महिलेचा मृत्यू झाला. तिची कबर दरीतच आहे. तथापि हा शोध युरोपीय वाचकांपुरताच होता. भ्युंडार परिसरातील ग्रामस्थांना आणि उन्हाळ्यात मेंढरे घेऊन वर चढणाऱ्या मेंढपाळांना ही कुरणे आधीपासून परिचित होती. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, इतकेच.

या इतिहासातील निर्णायक वर्ष १९८२ होय. त्या वर्षी ८७.५ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात चराईचे नियमन करता येते. राष्ट्रीय उद्यानात मात्र ती पूर्णतः निषिद्ध आहे. म्हणजेच दर्जा ठरला तेव्हाच मेंढपाळांचा प्रश्नही निकालात निघाला. २००५ मध्ये नंदादेवीच्या जोडीने हे उद्यान जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

येथील दुर्मिळ वनस्पतींना खरे भय कशाचे, हे येथे पाहिले पाहिजे. जटामांसी, कुटकी आणि सालमपंजा या औषधी वनस्पतींचे मूल्य जमिनीखालील भागात आहे. जटामांसी व कुटकीचे मूळखोड, सालमपंजाचा हाताच्या पंजासारखा कंद काढला की ते झाडच संपते. वैदू आणि व्यापारी यांची मागणी दरीच्या सीमेवर थांबत नाही. १९९१ च्या दुरुस्तीने कायद्यात प्रथमच वनस्पतींची स्वतंत्र अनुसूची आली, पण तीत अवघ्या सहा नोंदी होत्या. हिमालयातील कुठ त्यांत होता. जटामांसी, कुटकी वा ब्रह्मकमळ नव्हते. उद्यानात या वनस्पती सुरक्षित राहिल्या त्या भूमीला संरक्षण होते म्हणून. (महाराष्ट्रात अंगणात रात्री फुलणारे ‘ब्रह्मकमळ’ हे मूळचे अमेरिका खंडातील निवडुंगवर्गीय झाड; हिमालयातील ब्रह्मकमळाशी त्याचे नावापलीकडे नाते नाही.) उत्तराखंडाचे राज्यपुष्प असलेले हे फूल नंदाष्टमीला देवीस वाहण्याची प्रथा आहे आणि त्यापूर्वी ते तोडू नये असा लोकसंकेतही. कायद्याने या संकेताची दखल घेतली नाही.

चराई थांबल्यानंतर दरीत पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम ही पुरुषभर उंच वाढणारी वनस्पती फैलावल्याचे दिसू लागले. स्थानिक लोक तिला ‘अमेला’ म्हणतात. मेंढरे तिला खात व तुडवीत, त्यामुळे ती आटोक्यात राहत होती. बंदीनेच लहान फुलझाडांची जागा गेली, असा आक्षेप घेण्यात आला. तो सहज पटण्यासारखा आहे आणि म्हणूनच तपासून घेण्यासारखा. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतर्फे चंद्रप्रकाश काला व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून वेगळे चित्र पुढे आले. ही वनस्पती बाहेरून आलेली नसून मूळची तेथलीच आहे, आणि तिचा जोर प्रामुख्याने धूप झालेल्या, हिमस्खलनाने खरवडलेल्या व मेंढपाळांचे जुने तळ असलेल्या जागी आढळतो. यावरून संपूर्ण दोष चराईबंदीला देणे अवघड ठरते. परंतु मेंढपाळांना विध्वंसक ठरवणारी भूमिकाही यातून सिद्ध होत नाही. स्माइथने १९३१ मध्ये जी दरी फुलांनी बहरलेली पाहिली, ती चराई चालू असलेली दरी होती.

वनविभागाने पुढे अमेला उपटून काढण्याचा मार्ग स्वीकारला. उपटणीने माती उघडी पडते आणि उघड्या मातीवर हीच वनस्पती फोफावते. तेव्हा कोणत्या उतारावर ती काढावी आणि कोठे तिला हात लावू नये, हा निर्णय दरीतील प्रत्येक उतारासाठी स्वतंत्रपणे घ्यावा लागणार आहे.